पाणथरी वाढली, पण कशामुळे?

वैद्यकीय भाषेत ज्याला प्लीहा म्हणतात आणि खेड्यापाड्यांत ज्याला पाणथरी म्हणतात, तो अवयव डाव्या बरगड्यांच्या आड असतो. निरोगी माणसाच्या पोटावर हात ठेवला तर तो सहसा लागत नाही. तो हाताला लागू लागला की शरीरात काही तरी बिघडले आहे एवढे डॉक्टरांना कळते. काय बिघडले आहे ते मात्र त्यावरून कळत नाही. हिवताप असेल, काळा आजार असेल, यकृताचा सिरोसिस असेल, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, रक्ताचा कर्करोगही असेल. वाढलेली पाणथरी हा आजार नव्हे, ती आजाराची खूण आहे. ही खूण कागदावर कशी लिहिली जाते, तिला कोणता संकेतांक दिला जातो आणि त्या संकेतांकाचे पुढे काय होते, हा वरवर पाहता कारकुनी प्रश्न आहे. माझ्या मते तो सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे, आणि मी राहतो त्या बंगळुरू शहरात त्याचे एक विचित्र रूप रोज पाहायला मिळते.

या शहरात हजारो तरुण पदवीधर संगणकासमोर बसून अमेरिकी रुग्णांचे केसपेपर वाचत असतात. चेन्नई आणि हैदराबादप्रमाणे इथेही ‘मेडिकल कोडिंग’ हा आता स्थिरावलेला व्यवसाय आहे. जीवशास्त्र, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र किंवा फिजिओथेरपी शिकलेली ही मुले-मुली डॉक्टरांनी लिहिलेल्या मजकुरावरून प्रत्येक निदानाला आणि प्रत्येक उपचाराला ठरावीक संकेतांक देतात. त्या संकेतांकांच्या आधारे तिथली विमा कंपनी किंवा सरकारची मेडिकेअर योजना रुग्णालयाला पैसे देते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची, म्हणजे आयसीडीची, दहावी आवृत्ती अमेरिकेने स्वतःच्या गरजेनुसार वाढवून १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. त्या अमेरिकी आवृत्तीत निदानांचे सुमारे ७०,००० संकेतांक आहेत.

वाढलेल्या पाणथरीचेच उदाहरण घेऊ. तिचा संकेतांक ‘आर १६.१’. पण हा संकेतांक लक्षणांच्या प्रकरणातला आहे आणि ‘अन्यत्र वर्गीकृत न केलेली’ ही अट त्याच्या नावातच आहे. डॉक्टरांनी कारण लिहिले असेल तर कोडरने कारणाचा संकेतांक द्यायचा. जुनाट रक्तसंचयाने पाणथरी वाढली असेल तर ‘डी ७३.२’, ती रक्तपेशींचा प्रमाणाबाहेर नाश करू लागली असेल तर ‘डी ७३.१’, दोष जन्मजात असेल तर ‘क्यू ८९.०’. व्हायवॅक्स हिवतापात पाणथरी फुटली, तर तेवढ्यासाठी ‘बी ५१.०’ असा स्वतंत्र संकेतांक आहे.

नियम इथेच संपत नाहीत. दाखल रुग्णाच्या सोनोग्राफीत पाणथरी मोठी दिसली, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या टिपणात तिची दखल घेतली नाही, तर कोडरने आपल्या मनाने संकेतांक द्यायचा नसतो. त्याने डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवायचा असतो. बाह्यरुग्ण विभागात केवळ संशय असलेल्या आजाराला संकेतांक देता येत नाही. तिथे लक्षणच नोंदवावे लागते. लक्षण वेगळे, संशय वेगळा आणि निदान वेगळे, हा विवेक बंगळुरूतल्या बाविशी-तेविशीच्या मुलीला नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांत शिकवला जातो. तिने तो पाळला नाही तर तिचे काम तपासणारा वरिष्ठ तिचे गुण कापतो.

एक मुलगा, तीन कागद

आता याच शहरातले दुसरे चित्र पाहा. रायचूर जिल्ह्यातून बांधकामाच्या कामासाठी इथे आलेल्या एका कुटुंबाचा माझा काही वर्षांचा परिचय आहे. त्यांच्या १७ वर्षांच्या मुलाचे तीन डिस्चार्ज कार्ड मी वाचले. पहिल्यावर ताप आणि त्यापुढे यकृत व पाणथरी वाढल्याची तीन अक्षरी इंग्रजी खूण, शेजारी अधिक चिन्ह. दुसऱ्यावर रक्तक्षय, लोहाच्या गोळ्या आणि ‘पाणथरी लागते’ एवढेच. तिसऱ्या कार्डाला जोडलेल्या सोनोग्राफीत पाणथरीची लांबी १७ सेंटिमीटर नोंदवलेली होती, पण निदानाच्या रकान्यात ‘अज्ञात कारणाचा ताप’ असे होते. तिन्ही कागदांवर संकेतांकाची जागा कोरी होती. पहिल्या रुग्णालयात काय आढळले हे दुसऱ्याला ठाऊक नव्हते. प्रत्येक वेळी तपासण्या मुळापासून सुरू झाल्या आणि कारण सापडण्याआधीच संपल्या. शेवटी हिमोग्लोबिनच्या प्रकारांची एक तपासणी झाली आणि त्याला थॅलेसेमियाचा मध्यम स्वरूपाचा प्रकार असल्याचे कळले. ही तपासणी पहिल्या कार्डाच्या वेळीच होण्यासारखी होती.

मधल्या काळात त्याच्या थोरल्या बहिणीचे लग्न आतेभावाशी झाले होते. उत्तर कर्नाटकात अशी लग्ने नवीन नाहीत. थॅलेसेमिया आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. बहिणीची आणि मेव्हण्याची रक्ततपासणी लग्नाआधी करून घ्या, असे त्या कुटुंबाला कुणीही सुचवले नाही. सुचवणार तरी कसे? भावाच्या कागदावर खूण होती, कारण नव्हते.

या तीन रुग्णालयांतल्या डॉक्टरांना मी बेपर्वा म्हणणार नाही. एका सकाळी शंभराहून अधिक रुग्ण पाहणाऱ्या निवासी डॉक्टरकडून निबंधाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. प्रश्न व्यवस्थेचा आहे. अमेरिकी केसपेपर अपुरा असेल तर तो परत पाठवणारा माणूस बंगळुरूत पगारावर आहे. त्या मुलाचा केसपेपर अपुरा असल्याचे लक्षात आणून देणारा माणूस याच बंगळुरूत कुणाच्याही आस्थापनेवर नाही.

शासन पाणथरी मोजत असे

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला या विसंगतीचे अधिक आश्चर्य वाटते, कारण या देशात पाणथरी मोजण्याची परंपरा जुनी आहे. यमुनेच्या कालव्यांलगत कर्नाल परिसरात तापाने हाहाकार उडाला, तेव्हा १८४५ मध्ये कंपनी सरकारने तीन जणांची समिती नेमली: अभियंता बेकर, शल्यचिकित्सक डेम्प्स्टर आणि तरुण अभियंता हेन्री यूल. हाच यूल पुढे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशामुळे प्रसिद्ध झाला. हिवतापाचा परोपजीवी तेव्हा कुणी पाहिलेला नव्हता. लाव्हराँने तो पाहिला १८८० मध्ये. तरीही डेम्प्स्टरने गावोगाव लोकांच्या पोटावर हात ठेवून किती जणांची पाणथरी लागते हे मोजले आणि त्या प्रमाणाची जमिनीच्या जातीशी व पाण्याच्या निचऱ्याशी तुलना केली. निचरा तुंबलेल्या गावांत पाणथऱ्या जास्त, हे समितीने १८४७ च्या अहवालात दाखवून दिले. आजाराचे कारण ठाऊक नसताना, केवळ एक खूण शिस्तीने मोजून, शासनाला काय करायचे ते सांगता आले.

पुढची शंभर वर्षे ही पद्धत टिकली. बंगळुरूच्या लष्करी छावणीत १८८३ च्या सुमारास नोकरी करताना ज्याला डासांनी हैराण केले, त्या रोनाल्ड रॉसने पुढे १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी दाखवला. पण १९०७-०८ मध्ये मॉरिशस बेटावर हिवतापाचा अंदाज घेण्याची वेळ आली, तेव्हा त्यानेही मुलांच्या पाणथऱ्याच मोजल्या. १९४४ मध्ये हॅकेटने पाणथरीच्या आकाराच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवून दिल्या, म्हणजे दोन गावांत काम करणाऱ्या दोन डॉक्टरांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येऊ लागल्या. १९५० मध्ये कंपाला येथे भरलेल्या हिवताप परिषदेने मुलांतील पाणथरी-दरावरून प्रदेशांचे वर्गीकरण केले: १० टक्क्यांपर्यंत सौम्य, ५० टक्क्यांवर तीव्र.

मराठी वाचकाला यातले सर्वांत जवळचे उदाहरण मुंबई प्रांताचे आहे. डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४५-४६ च्या सुमारास तेव्हा मुंबई प्रांतात असलेल्या धारवाड आणि कारवार या जिल्ह्यांत घराघरांतून डीडीटीची फवारणी सुरू केली. फवारणीचा उपयोग झाला की नाही हे त्यांनी नुसत्या अभिप्रायांवरून ठरवले नाही. मुलांच्या पाणथऱ्यांचे प्रमाण आणि तान्ह्या बाळांच्या रक्तातील परोपजीवी यांची नोंद ठेवून ठरवले. त्या अनुभवाचा १९५३ च्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाला मोठा आधार मिळाला. हिवताप ओसरू लागल्यावर पाणथरीपेक्षा रक्ताची काच अधिक विश्वासार्ह ठरली आणि पाणथरी-गणना मागे पडली. हा बदल योग्यच होता. मात्र मोजण्याची पद्धत बदलता बदलता, खुणेची नोंद ठेवण्याची सवयही सुटली.

जे मोजले जाते आणि जे सुटते

आज वाढलेली पाणथरी सरकारी नोंदीत शिरते ती एखाद्या कार्यक्रमाचे बोट धरून. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालच्या काळ्या आजाराच्या पट्ट्यात दोन आठवड्यांहून अधिक ताप आणि वाढलेली पाणथरी दिसली की रुग्णाची तपासणी करायची, असा नियम आहे. गटस्तरावर दर १०,००० लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशाने गाठले, त्यात या साध्या नियमाचा वाटा आहे.

दुसरा कार्यक्रम कर्करोग नोंदणीचा. १९६३ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली नोंदणी सुरू केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा मुंबई आणि चेन्नईबरोबर बंगळुरूची लोकसंख्याधारित नोंदणी त्यात होती. ती किडवाई संस्थेत चालते, आणि या साऱ्या कार्यक्रमाचे मध्यवर्ती केंद्रही बंगळुरूतच आहे. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांत स्वतः जाऊन कागद पाहतात, निदान पडताळतात आणि मगच संकेतांक देतात. त्यामुळे जुनाट रक्तकर्करोगाने ज्याची पाणथरी बेंबीपर्यंत आली, तो बंगळुरूचा रहिवासी मोजला जाण्याची चांगली शक्यता असते. वरच्या कुटुंबातला मुलगा मात्र कुठेच मोजला गेला नाही.

ज्यांच्यामागे कार्यक्रम नाही त्यांची यादी मोठी आहे. यकृत बहुतांशी धडधाकट असताना केवळ त्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने पाणथरी प्रचंड वाढते, असे आजार आपल्या देशात चांगल्यापैकी आढळतात आणि त्यांच्या अभ्यासात भारतीय डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. अशा रुग्णाला अचानक रक्ताची उलटी होऊ शकते. कागदावर कारण असेल तर दुर्बिणीने वेळीच उपचार करता येतात. ते किती आहेत, कोणत्या जिल्ह्यांत आहेत, वाढताहेत की कमी होताहेत, हे सांगण्याइतकी सलग नोंद जिल्हा रुग्णालयांच्या दप्तरात नाही.

सिकलसेलचे उदाहरण याहून बोलके आहे. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत पाणथरी बहुधा बालपणीच आक्रसून निकामी होते, आणि परदेशी पाठ्यपुस्तकांतले वर्णन तेच असते. भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण पुष्कळदा अधिक राहते. त्यांची पाणथरी पुढे कित्येक वर्षे, कधी प्रौढपणीही, वाढलेली आढळते. म्हणजे गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटातल्या रुग्णाबद्दलचे ज्ञान उसने आणता येत नाही. ते इथल्याच केसपेपरांतून उभे करावे लागते. जमैकात सिकलसेल असलेल्या मुलांच्या आयांना बाळाची पाणथरी हाताने ओळखायला शिकवले गेले. तिच्यात अचानक रक्त साचून ती फुगते, तेव्हा काही तासांत जीव जाऊ शकतो. आयांनी ते आधी ओळखल्यामुळे मृत्यू कमी झाले. पण पाणथरी ‘अचानक वाढली’ हे कळण्यासाठी आधी ती केवढी होती हे लिहिलेले हवे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात महाराष्ट्र आणि कर्नाटकासह १७ राज्ये आहेत आणि शून्य ते ४० वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. तपासणीचे आकडे वाढतील, याची मला खात्री आहे. सापडलेल्या रुग्णाच्या कार्डावर पाणथरीचे माप सेंटिमीटरमध्ये लिहिले जाते की नाही, हे मात्र कोणत्याही आढावा बैठकीत विचारले जाणार नाही, अशी भीती वाटते.

पैशासाठी संकेतांक की ज्ञानासाठी?

आपल्याकडे साधनांची वाण आहे असे नाही. आयसीडीची परंपरा १८९३ मध्ये बर्तियों यांनी शिकागो येथे मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीपासूनची आहे. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ती सांभाळते, आणि तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. दिल्लीतील केंद्रीय आरोग्य माहिती कार्यालय तिचे प्रशिक्षण देते. वैद्यकीय संज्ञांच्या ‘स्नोमेड’ या आंतरराष्ट्रीय कोशाचा भारत २०१४ पासून सदस्य आहे आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या संज्ञा आयसीडी-११ मध्ये याव्यात म्हणून आपण आग्रह धरला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा विभाग दिल्लीत समारंभपूर्वक खुला झाला. चरकाने सांगितलेल्या आठ उदररोगांत प्लीहोदर आहे. आपल्या वैद्यकपरंपरेने या खुणेला नाव फार पूर्वीच दिले होते. जागतिक यादीत आपले शब्द असावेत ही आकांक्षा रास्त आहे. ती यादी तालुक्याच्या रुग्णालयात रोज उघडली जावी, ही आकांक्षा त्याहून कमी महत्त्वाची नाही.

मग अडते कुठे? माझ्या प्रशासकीय अनुभवाचे सार असे की, ज्या रकान्यावर पैसे किंवा जबाबदारी अवलंबून असते तो रकाना भरला जातो. बाकीचे कोरे राहतात किंवा कसेबसे भरले जातात. अमेरिकेत निदानाच्या संकेतांकावर पैसे अवलंबून आहेत, म्हणून त्याच्यासाठी सातासमुद्रापार मनुष्यबळ उभे राहते. आपल्याकडे २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत, तसेच कर्नाटकाच्या आणि महाराष्ट्राच्या राज्य योजनांत, रुग्णालयाला मिळणारी रक्कम मुख्यतः उपचाराच्या पॅकेजवर ठरते. पाणथरी काढण्याच्या शस्त्रक्रियेचे पॅकेज असते. ती का काढावी लागली, हा हिशेबाच्या दृष्टीने दुय्यम मुद्दा. खासगी विम्याच्या दावाअर्जात आयसीडी-१० चा रकाना आहे, पण तो भरताना अनेकदा डॉक्टरांपेक्षा बिलिंगच्या खिडकीचा विचार पुढे असतो.

याचा अर्थ अमेरिकेची नक्कल करावी असा मी काढत नाही. तिथे अधिक गंभीर संकेतांकाला अधिक पैसे, या सूत्रामुळे रुग्ण कागदावर वाढीव आजारी दाखवण्याचा मोह निर्माण झाला आणि त्यावरून विमा कंपन्यांविरुद्ध तिथल्या सरकारला न्यायालयात जावे लागले. आपल्या योजनांतही बनावट दावे सापडलेले आहेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. अशा ठिकाणी निदानाच्या संकेतांकाला थेट रकमेशी बांधणे म्हणजे नव्या गैरप्रकाराला वाट करून देणे. संकेतांक ज्ञानासाठी हवा. पैसे संकेतांक कोणता आहे यावर नव्हे, तर नोंद पूर्ण आहे की नाही यावर अडवता येतील.

याला कायद्यात एक आधार सापडतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. तिच्यानुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक वैद्यकीय संस्थेने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यायचे आहे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. २०२० मध्ये देशातील नोंदणीकृत मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते, हे पाहता ही दुरुस्ती आवश्यकच होती. पण मृताच्या वारसाला मृत्यूचे कारण समजण्याचा हक्क मान्य झाला असेल, तर जिवंत रुग्णाला त्याच्या आजाराचे कारण लेखी मिळण्याचा हक्क त्याहून मागे का राहावा? मागितल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात हा नियम २००२ पासून आहे. त्या नोंदींत किमान काय असावे, यावरही तेवढाच स्पष्ट नियम हवा.

काय करता येईल

माझ्या सूचना मोजक्या आहेत. पहिली, डिस्चार्ज कार्डाच्या मजकुराबद्दल. पाणथरी वाढलेली असेल तर चार गोष्टी लिहिणे बंधनकारक असावे: तिचे माप, कारण, किंवा ‘कारण अद्याप सापडले नाही’ हे स्पष्ट वाक्य, राहिलेल्या तपासण्या, आणि रुग्णाला त्याच्या भाषेत दिलेली सूचना. पाणथरी काढून टाकली असेल तर ही सूचना प्राण वाचवणारी ठरते. अशा माणसाला काही जंतूंचा संसर्ग झपाट्याने घातक होतो. त्याला न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकससारख्या जंतूंविरुद्धच्या लशी लागतात, आणि साध्या वाटणाऱ्या तापातही तातडीने रुग्णालय गाठावे लागते. ‘ऑपरेशन झाले’ एवढ्या दोन शब्दांवरून दहा वर्षांनंतर दुसऱ्या गावच्या डॉक्टरला हे कळणार नाही.

दुसरी सूचना मनुष्यबळाची. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात प्रशिक्षित कोडर नेमावेत आणि अपुऱ्या नोंदीवर डॉक्टरांना लेखी प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना द्यावा. हा अधिकार नसेल तर कोडर म्हणजे आणखी एक टंकलेखक. कर्नाटकाला अशी माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. ती बंगळुरूत हजारोंनी आहेत. त्यांच्यातली काही जिल्ह्यांत दोन-तीन वर्षे काम करतील, असे वेतन आणि पद निर्माण करणे हा वित्त विभागाच्या आवाक्यातला विषय आहे.

तिसरी सूचना पारदर्शकतेची. वर्षाअखेर प्रत्येक सरकारी आणि योजनेतल्या खासगी रुग्णालयाने, आपल्या किती नोंदी लक्षणाच्या संकेतांकावरच थांबल्या, याचे प्रमाण प्रसिद्ध करावे. ‘आर १६.१’ लिहिण्यात गैर काही नाही. कारण सापडलेले नसेल तेव्हा तोच प्रामाणिक संकेतांक आहे. पण एखाद्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे बहुतेक पाणथऱ्या त्याच रकान्यात पडत असतील, तर तिथे प्रयोगशाळा कमी पडते, तज्ज्ञ कमी पडतात की लिहिण्याची सवय, हे विचारायला हवे.

आक्षेप येतील. डॉक्टरांवरचा भार वाढेल, असे म्हटले जाईल. त्याचे उत्तर दुसऱ्या सूचनेत आहे. आज निवासी डॉक्टर जे कारकुनी काम करतो त्यातले बरेचसे कोडर उचलू शकतो. खासगीपणाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. आनुवंशिक आजाराची नोंद फुटली तर मुलींची लग्ने मोडतात, हे आपल्या समाजाचे वास्तव आहे. म्हणून जिल्ह्याकडे जाणाऱ्या आकड्यांत नावे नसावीत आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याची शिस्त रुग्णालयांच्या दप्तरालाही लागावी. कृत्रिम बुद्धिमत्ता हे सारे करील, असेही सांगितले जाते. यंत्र लिहिलेले वाचील. न विचारलेला प्रश्न आणि न केलेली तपासणी त्याला केसपेपरात सापडणार नाही.

हे सर्व एकदम देशभर करा, असे मी म्हणत नाही. कर्नाटकाने रायचूर आणि महाराष्ट्राने गडचिरोली असा एकेक जिल्हा निवडावा, दोन वर्षे हा प्रयोग करावा आणि निकाल, चांगले असोत वा वाईट, विधिमंडळापुढे ठेवावेत. डेम्प्स्टरजवळ स्वतःचा हात आणि एक वही होती. आपल्याजवळ सोनोग्राफी आहे, रक्ताच्या तपासण्या आहेत, चौदा अंकी आरोग्य क्रमांक आहे आणि संकेतांकांचे शास्त्र जाणणारी तरुण पिढी आहे. त्या पिढीचे कौशल्य आज परदेशातल्या रुग्णालयांची बिले बिनचूक करण्यासाठी वापरले जाते, आणि त्यात वाईट काही नाही. त्यातला थोडासा भाग रायचूरच्या केसपेपरासाठी विकत घ्यावा, एवढीच तरतूद पुढच्या अर्थसंकल्पात दिसावी.